मधलं नाव

शपथपत्रात खाडाखोड झाली तर तिच्यापुढे आद्याक्षरं करायची, हा आमच्या कामातला पहिल्या आठवड्यात शिकवला जाणारा नियम. शब्द खोडला, आकडा बदलला, तारीख दुरुस्त केली, की त्याच ओळीशी समासात सांगणाऱ्याची आद्याक्षरं आणि शेजारी ऐकणाऱ्याची, म्हणजे माझी. व्हाइटनर चालत नाही. गिरमिट करून खोडायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, आणि रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. इतक्या वर्षांत हे किती वेळा केलं असेल, मोजदाद नाही. घराचा पत्ता, पासपोर्टाचा एखादा आकडा, 'ऑगस्ट'चा 'जुलै'. मार्च २०२४ मधल्या एका दुपारी अशीच माझी दोन अक्षरं मी एका खोडलेल्या नावापुढे लिहिली. मग टोपण लावलं, मोहर उठवली, आणि संध्याकाळी घरी जाऊन भांडी घासताना ती दोन अक्षरं एकदम डोळ्यांपुढे आली. अजून अधूनमधून येतात.

मी कॅनडातल्या ओंटारिओत नोटरीचं काम करते. टोरांटोच्या पश्चिमेला एका लांबलचक बैठ्या इमारतीत आमचं ऑफिस आहे, एका बाजूला दाताचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कर भरून देणारा. येणारी माणसं बहुतेक दूरदेशातून आलेली असतात, आणि नोटरी म्हणजे सरकारचाच कुणी माणूस असं समजून थोडी दबकून बसतात. (ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील मी इथे बदलले आहेत.) ती सुदानी बाई आली तेव्हा बाहेर बर्फाचा नुसता राडा झालेला. कोट काढून तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि खोलीत चंदनाचा वास पसरला. नुसतं चंदन नव्हतं, त्यात धूर होता, लवंग होती, आणखी काही गोडसर होतं. पण माझ्या नाकाने पहिलं चंदनच ओळखलं. मी ते म्हटल्यावर ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, आमच्याकडच्या लग्नात चंदनाशिवाय भागत नाही, आणि ते तुमच्याच देशातून येतं. मग म्हणाली, तुम्ही पुण्याच्या का? तिच्या आईकडचा कुणी नातेवाईक पुण्यात शिकून गेलेला. यात मला नवल वाटलं नाही. आमच्या कॉलेजच्या दिवसांत पुण्यात सुदानी मुलं खूप असायची, उंच, अतिशय सभ्य, संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून तासन्‌तास बोलणारी. त्यांचा देश नकाशात नेमका कुठे आहे हे आमच्यातल्या कुणी कधी बघितलं असेल असं वाटत नाही.

तिच्याकडे प्लास्टिकची फाइल होती आणि फाइलच्या कोपऱ्यावर तिने बोट घट्ट दाबून धरलं होतं.

कॅनडा सरकारने सुदानी कुटुंबांसाठी एक वाट २७ फेब्रुवारीला उघडली होती. १५ एप्रिल २०२३ ला, म्हणजे राजधानी खार्टूममध्ये लष्कर आणि 'आरएसएफ' हे निमलष्करी दल यांच्यात गोळीबार सुरू झाला त्या दिवशी, जो माणूस सुदानात राहत होता आणि इथल्या नागरिकाचा किंवा कायम रहिवाशाचा जो मुलगा-मुलगी, नातवंड, आई-बाप, आजी-आजोबा किंवा भावंड आहे, त्याला अर्ज करता येणार होता. इथल्या नातेवाइकाने त्याची जबाबदारी घ्यायची. अर्ज घेणार होते ३,२५०. क्युबेकमध्ये राहणाऱ्यांना ही वाटच नव्हती. काका, मावशी, भाचा, पुतण्या, चुलत-मावस भावंडं यादीत नव्हती. ऑफिसातला फोन त्या आठवड्यात सारखा वाजत होता आणि पलीकडून येणारा प्रश्न एकच असायचा, आज वेळ आहे का. उद्या नको, आज. ३,२५० हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात घड्याळासारखा चालू होता.

तिने दोन कागद आणले होते. पहिला जबाबदारी घेण्याचा. दुसरा नात्यांचा. हा दुसरा का लागला, तर जन्माचे दाखले खार्टूमला लागून असलेल्या ओमदुरमानच्या घरात एका लोखंडी पेटीत होते आणि ते घर आता कुणाच्या ताब्यात आहे हे सांगायला गल्लीत कुणी उरलेलं नव्हतं. घरचे आधी वद मदनीला गेले होते. डिसेंबर २०२३ मध्ये मदनीही आरएसएफच्या हातात गेलं, तेव्हा तिथून पुन्हा उठून पूर्वेकडे गदारिफला. फेब्रुवारीत तर देशभर फोन-इंटरनेट बंद पडलं होतं. तीन आठवडे तिला आईचा आवाज ऐकू आला नव्हता. पैसे पाठवायचं तिथलं 'बनकक' नावाचं अ‍ॅपही नेटवर्कशिवाय मुकं. मग कुणीतरी कुठेतरी उपग्रहाच्या इंटरनेटवर जाऊन पासपोर्टांचे फोटो धाडले, ते तिने छापून आणले होते. बाकी पुरावा काही नाही. अशा वेळी माणूस स्वतःच पुरावा होतो. ही माझी आई, ही माझी बहीण, हे माझे भाऊ, असं कायद्यासमोर बसून सांगतो, आणि ते सांगणं दाखल्याच्या जागी ठेवतात.

यादीत पाच नावं होती. आई, बहीण, तीन भाऊ.

इथे नोटरीचं काम काय असतं ते सांगायला हवं, कारण भल्याभल्यांचा त्यात घोटाळा होतो. मजकूर खरा आहे की खोटा हे तपासणं माझं काम नाही. समोर बसलेला माणूस तोच आहे ना, त्याला आपण काय सांगतोय ते कळतंय ना, कुणी जबरदस्ती करत नाही ना, एवढं मी बघते. मग विचारते, यातलं सगळं खरं आहे असं तुम्ही जाहीर करता का? तो हो म्हणतो, सही करतो, मी सही करते, मोहर दाबते. मोहर म्हणजे शाईचा शिक्का नव्हे. हाताच्या चिमट्यासारखं जड लोखंडी यंत्र असतं, ते दाबलं की कागदावर अक्षरं फुगून वर येतात. आंधळ्यालाही बोटांनी कळावीत अशी. ती उठताना एक बारीक कुरकुरणारा आवाज होतो. एवढ्या आवाजासाठी लोक बसचे दोन टप्पे बदलून येतात.

तर मला ती यादी वाचायचीही गरज नव्हती. ओळखपत्र बघितलं होतं, पानांची संख्या बरोबर होती. शेजारच्या खोलीतल्या माझ्या सहकाऱ्याने, जो इथलाच, सहा पिढ्या ओंटारिओचा, त्याने ती वाचली असती तरी त्याला काही दिसलं नसतं. त्याला पाच अरबी नावं दिसली असती, प्रत्येकी चार-चार शब्दांची, आणि आडनाव नेमकं कोणतं या गोंधळात तो पुढे गेला असता.

मला दिसलं. सुदानी माणसाला आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं, मग पणजोबाचं, अशी ती माळ असते. कागदावर चार मणी. आणि मी मराठी. दोन नावांच्या मध्ये बापाचं नाव असतं हे मला शिकावं लागलेलं नाही. हजेरीत, बँकेत, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेत ते बघतच मी वाढले. समोरचं नाव ऐकलं की माझी नजर आधी मधल्या नावावर जाते, ही सवय आहे. बहिणीचं मधलं नाव आणि पहिल्या दोन भावांचं मधलं नाव एकच होतं, समोरच्या बाईचंही तेच. पाचव्याचं वेगळं होतं. आणि बहीणभावांच्या नावात जे दुसऱ्या जागी होतं ते पाचव्याच्या नावात तिसऱ्या जागी गेलं होतं. म्हणजे तिचे वडील ते याचे आजोबा.

मी गप्प बसू शकले असते. बसले नाही. पेनाचं टोक त्या ओळीवर ठेवून मी विचारलं, "हा भाऊ तुमच्याच वडिलांचा?"

आता आठवलं की वाटतं, इंग्रजीत विचारलं होतं म्हणून विचारता आलं. मराठीत मला तो प्रश्न 'सख्खा का?' असा विचारावा लागला असता, आणि आमच्या घरात तो शब्द उच्चारायची बंदी होती. लिहिलेली नव्हे, पण होती. आईला कुणी विचारलं, "हा थोरला तुमचा सख्खा?", की ती त्या माणसाला पुन्हा चहा विचारत नसे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. हीटरचा आवाज येत होता. मग तिने सांगितलं. थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ फार पूर्वी गेला, हे युद्ध नव्हतं तेव्हाच, साध्या आजाराने. मुलाच्या आईचं दुसरं लग्न झालं. मूल तिच्या आईच्या मांडीवर आलं तेव्हा दीड वर्षाचं होतं, आता एकोणीसचं. तो आजीला आजी म्हणत नाही, 'युम्मा' म्हणतो, आम्ही सगळे म्हणतो तसं. मला कधी आत्या म्हणालेला नाही. नावाने हाक मारतो, धाकटे भाऊ मारतात तशी. अरबीत सख्ख्या भावाला वेगळा शब्द आहे, 'शकीक', पण तो वर्तमानपत्रात आणि कोर्टात. घरात नुसता 'अखू'. भाऊ. ती म्हणाली, "घरातल्या कुणालाही विचारा. तो कोण, म्हणून विचारा."

मी विचारलं, कोर्टाचा काही कागद? दत्तक घेतल्याचा? आणि विचारतानाच मला उत्तर अर्धवट माहीत होतं. इस्लामी कायद्यात आपल्यासारखं दत्तक नाही. आहे ती कफाला. मूल सांभाळायचं, वाढवायचं, खाऊपिऊ घालायचं, पण त्याच्या बापाचं नाव बदलायचं नाही. त्यांना त्यांच्या बापांच्याच नावाने हाक मारा, असं कुराणात स्पष्ट आलेलं आहे. त्यामागचा विचार मला फार सुंदर वाटतो. पोरक्या मुलाकडे दुसरं काही उरलेलं नसतं, निदान बापाचं नाव तरी त्याच्याजवळ राहू द्यावं. पण त्याच सुंदर नियमामुळे मला माझ्या टेबलावर ते कळलं होतं. आणि इथला कायदा नातं मोजतो ते रक्ताने किंवा दत्तकविधानाने. कफाला त्यात बसत नाही.

मग मी माझं काम केलं. तिला समजावून सांगितलं की हे खोटं ठरलं तर गुन्हा आहे, कायद्यात त्याची कमाल शिक्षा चौदा वर्षं आहे. तितकं कुणी कुणाला देत नाही, पण खोटी माहिती दिली म्हणून अर्ज फेटाळला गेला तर पाच वर्षं पुन्हा दार ठोठावता येत नाही. आणि एका नावापायी आईच्या, बहिणीच्या, त्या दोन भावांच्या नात्यावरही संशय येईल. त्या मुलासाठी वेगळा मार्ग आहे का, माणुसकीच्या कारणावरून काही मागता येईल का, ते इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. एका कागदावर मी दोन ठिकाणचे नंबरही लिहून दिले. माझा आवाज अगदी नीट होता, मला आठवतंय. सगळं बरोबर बोलत होते.

तिने ते ऐकलं आणि कागदाच्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तो कॅनडाच्या पुरावा कायद्यातला ठरलेला मजकूर आहे, प्रत्येक जाहीरनाम्याच्या, म्हणजे शपथेऐवजी केलेल्या अशा निवेदनाच्या, शेवटी येतो. हे मी, खरं आहे असं सद्सद्विवेकाने मानून, आणि शपथेवर सांगितल्याइतकंच याचं बळ आहे हे जाणून, जाहीर करत आहे. ती म्हणाली, "इथे लिहिलंय 'खरं आहे असं मानून'. मी मानते."

मला उत्तर आलं नाही. त्या वाक्याकडे मी कधी असं बघितलंच नव्हतं.

तिनेही उत्तराची वाट बघितली नाही. पेन मागितलं. "एकच रेघ ना?" म्हणाली. मला वाटलं, हिला कसं माहीत, मग आठवलं की मघाशी पत्त्यातली एक चूक दुरुस्त करताना मीच सांगितलं होतं. तिने पट्टी मागितली नाही. नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हाताने रेघ ओढली, ती जराही हलली नाही. समासात तिची अक्षरं, शेजारी माझी. 'तीन भाऊ' मधला तीनचा आकडा खोडून दोन केला, तिथे पुन्हा तिची, माझी. मी प्रश्न विचारला, ती हो म्हणाली. मोहर कुरकुरली. फी तिने मोजून आणली होती, ती मी घेतली.

शपथेची आपल्याकडे किती रेलचेल आहे, हा विचार नंतर कितीतरी दिवस डोक्यात घोळत राहिला. आईशप्पथ, देवाशप्पथ, गळ्याशप्पथ. गळ्याला चिमटीत धरून शप्पथ घ्यायची आणि ती खोटी निघाली की ज्याची घेतली तो मरतो, यावर लहानपणी आमचा एवढा विश्वास होता की गळ्याशप्पथ घेतल्यावर रात्री उठून मी आईचा श्वास चालू आहे का ते बघितलेलं आहे. त्यावर उपायही होता. समोरच्याने 'सुटली' म्हणायचं. शप्पथ सुटली म्हण ना, म्हण ना, असं आम्ही एकमेकांच्या मागे पळत विनवायचो, आणि तो दुष्ट असेल तर दोन गोट्या घेतल्याशिवाय म्हणायचा नाही. शपथेतून सोडवण्याची सोय पोरांच्या खेळात आहे, माझ्या पुस्तकात नाही. आमच्याकडे प्रमाणपत्र आहे, आद्याक्षरं आहेत, मोहर आहे; 'सुटली' म्हणणारं कुणी नाही.

खरं तर त्या दिवशी तिने शपथ घेतलीच नव्हती. जाहीरनाम्यात शपथ नसते, देव नसतो, धर्मग्रंथावर हात नसतो. ही वेगळी वाट इंग्लंडात क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांमुळे पडली. बायबलात 'शपथच घेऊ नका' असं म्हटलंय ते त्यांनी शब्दशः धरलं. शपथ घेतल्यावर खरं बोलायचं, म्हणजे एरवी खोटं बोलायची मुभा आहे की काय, असा त्यांचा सरळ मुद्दा. त्यासाठी ते तुरुंगात गेले, कोर्टात त्यांची साक्ष धरली जात नसे. शेवटी १६९५ च्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी नुसतं गांभीर्याने सांगायची परवानगी मिळाली. आणि १८३५ मध्ये तिथल्या संसदेने, जिथे तिथे माणसांना देवाची शपथ घालणं पुरे, म्हणून सर्रास शपथांच्या जागी हे जाहीरनामे आणले. आपल्याकडे मंत्री 'ईश्वरसाक्ष' म्हणतात किंवा 'गांभीर्यपूर्वक' म्हणतात, त्यातला दुसरा शब्द कुठून आला ते मला या धंद्यात आल्यावर कळलं. देवाला त्रास द्यायचा नाही एवढाच हेतू. पण देव निघून गेल्यावर त्या खुर्चीवर कोण बसलं? तिच्यासमोर तर मी बसले होते.

आता दादाचं सांगायला हवं.

दादा म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा. त्याची आई बाळंतपणात गेली आणि काका तो पाच वर्षांचा असताना. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यामुळे मला कळायला लागलं तेव्हापासून दादा आमच्याच घरात होता, माझ्या दोन भावांच्या वर, आमच्या फोटोत सर्वांत उंच. तो बाबांना काका म्हणायचा आणि आईला काकू. आम्हीही कधीमधी त्याचं ऐकून काकू म्हणायचो आणि आई ओ द्यायची. त्यात काही विचित्र आहे असं कधी वाटलं नाही. शाळेत माझं नाव पुकारलं जायचं तेव्हा मध्ये बाबांचं नाव यायचं, आणि दादाचं पुकारलं जायचं तेव्हाही बाबांचंच यायचं. ज्याला तो काका म्हणतो त्याचं नाव त्याच्या नावात मध्ये कसं, हा प्रश्न मला पडायला मी वकिलीच्या पहिल्या वर्षाला जावं लागलं.

त्याचं असं झालं होतं. १९७० च्या जूनमध्ये बाबा त्याला पहिलीत घालायला घेऊन गेले. गुरुजींनी टाक उचलून विचारलं, "मुलगा तुमचाच ना?" बाबा म्हणाले, "माझाच." गुरुजींनी लिहिलं. बस, एवढंच. कुणी दत्तकविधान केलं नाही, होम नाही, कोर्ट नाही. शाळेच्या रजिस्टरातल्या त्या एका ओळीवरून शाळा सोडल्याचा दाखला निघाला, दाखल्यावरून नोकरी, नोकरीवरून पासपोर्ट, लग्नाची नोंद, पुढे त्याच्या मुलांची नावं. अख्खा माणूस त्या 'माझाच'वर उभा राहिला. मी कायद्याचं नवंनवं शिकलेली पोर, सुट्टीत घरी येऊन बाबांना म्हणाले होते की हे चुकीचं आहे, सरकारी कागदात खोटी नोंद आहे. बाबा ताटात भात कालवत होते. त्यांनी मला विचारलं, "मग मी काय सांगायला हवं होतं, माझा नाही म्हणून?" दादा शेजारीच बसला होता. त्याने मला आमटी वाढली.

त्या घरात वाढलेली मी. आणि मीच पेनाचं टोक ठेवून विचारलं, हा तुमच्याच वडिलांचा का.

यावर मी स्वतःशी बराच वाद घातलाय आणि तो मी दोन्ही बाजूंनी नीट घालू शकते, तेवढं शिक्षण झालंय. पासपोर्टाच्या प्रती अर्जाबरोबर जाणारच होत्या. अरबी नावं वाचणारा अधिकारी तिथे असणारच, त्याला ती माळ माझ्याइतकीच पटकन दिसली असती. मग पाचांचाही अर्ज गेला असता. मी तिला वाचवलं. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे की हजारो फायलींच्या ढिगात ती यादी कुणी फक्त मोहर बघून पुढे सरकवली असती. मला माहीत नाही. एकदा कळल्यावर मला गप्प बसता आलं नसतं, तेही खरं. खोटं आहे हे माहीत असताना मोहर दाबणं हा माझा गुन्हा झाला असता. पण मला कळलं ते मी वाचलं म्हणून, आणि वाचलं ते मला वाचता येतं म्हणून. परक्या माणसाला न दिसलेलं तिच्या नावातलं घर मला दिसलं, आणि त्या दिसण्याचा मी हा उपयोग केला.

कधी राग दुसरीकडे वळतो. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनच्या लोकांसाठी अशीच वाट निघाली होती, तेव्हा माझ्या टेबलावर नात्यांचे कागद जवळजवळ आलेच नाहीत. कारण नातं लागतच नव्हतं. इथे कुणी ओळखीचं नसलं तरी चालत होतं. संख्येला मर्यादाही नव्हती. नऊ लाखांहून जास्त अर्ज मंजूर झाले. ती तात्पुरती परवानगी होती आणि सुदानची कायमची, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना होत नाही, असं मला एका शहाण्या माणसाने ऐकवलं. असेल. पण सख्खा-चुलत हा हिशोब एका युद्धात लागला नाही आणि दुसऱ्या युद्धात लागला, एवढं तर मी माझ्या खुर्चीवरून बघितलंय. युक्रेनच्या बाईंना मी कधी कुणाच्या बापाचं नाव विचारलं नाही.

ती पुन्हा आली ऑक्टोबरात, वेगळ्याच कामाला, घरभाड्याच्या कुठल्याशा कागदाला. चंदनाचा वास तोच. मी विचारू की नको करत होते, तिनेच सांगितलं. आई, बहीण आणि दोघे भाऊ इजिप्तमध्ये पोचलेत, बोटांचे ठसे द्यायला. खार्टूममधली कॅनडाची वकिलात युद्ध सुरू झालं त्या एप्रिलमध्येच बंद पडली होती, त्यामुळे ठसे द्यायलाही देश ओलांडावा लागतो. अर्जाचं अजून काही नाही. आणि तो? तोही कैरोत आहे, म्हणाली, त्यांच्याबरोबरच. आईने त्याला सोडून सरहद्द ओलांडायला नकार दिला. वकिलांनी त्याचा वेगळा अर्ज टाकलाय, माणुसकीच्या कारणावर. होईल की नाही, कोण जाणे. त्याला माहीत आहे का, की यादीत त्याचं नाव आधी होतं आणि मग...? हे मी विचारलं नाही. तिने जाताना कोटाची बटणं लावता लावता एक सांगितलं. कैरोतल्या घरमालकाने भाडेकरूंची नावं लिहून घेताना आईला विचारलं, ही मुलं तुझीच का? आई म्हणाली, माझीच.

मी त्या रात्री दादाला फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी. दादा आता साठीचा आहे, गुडघे धरलेत, पण आवाज तोच. मी त्याला सगळं सांगितलं, नाव न घेता. मधलं नाव कसं दिसलं, कसं विचारलं, रेघ कशी मारली. बाबांचं आणि गुरुजींचं काही बोलले नाही, तेवढी हिंमत झाली नाही. पण त्याच्याशी बोलताना न बोललेलं त्याला आधी ऐकू जातं. तो बराच वेळ नुसता हं, हं करत होता. मला वाटत होतं, म्हणेल की तू बरोबर केलंस, तुझं कामच आहे ते. किंवा म्हणेल की गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं. दोन्हींची तयारी ठेवली होती मी.

त्याने विचारलं, "आणि ते नाव? पार गिरवून काढलं का?"

"नाही," म्हटलं. "एकच रेघ असते. खालचं वाचता यायला लागतं."

"म्हणजे वाचता येतंय."

"येतंय."

"बरं," दादा म्हणाला, आणि मग पलीकडे कुणाला तरी गॅस बंद करायला सांगितलं.